हुकलेल्या खेळाडूचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात आयपीएलचा मोठा लिलाव झाला, तेव्हा विरारचे दोन सलामीवीर कोणाच्याच नजरेत भरले नाहीत. एक पृथ्वी शॉ. कसोटी पदार्पणातच शतक ठोकलेला, मूळ किंमत ७५ लाख रुपये. दुसरा आयुष म्हात्रे. वय सतरा, महिनाभरापूर्वीच रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा काढलेला, मूळ किंमत ३० लाख. दहा संघांपैकी एकानेही दोघांना घेतले नाही. पुढे एप्रिलमध्ये चेन्नईचा कर्णधार ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने बाहेर पडला आणि त्याच्या जागी चेन्नईने आयुषला बोलावले. २० एप्रिल २०२५ रोजी वानखेडेवर, तेही मुंबई इंडियन्सविरुद्ध, तो पहिला सामना खेळला आणि १५ चेंडूंत ३२ धावा करून गेला. दोन आठवड्यांनी बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. त्यानंतर विरारजवळच्या आगाशी, बोळिंज, अर्नाळा या पट्ट्यातल्या मुंबईच्या चाहत्याला एकच प्रश्न पडावा हे साहजिक होते: आपल्या विरारचा पोर, मुंबईकडून रणजी खेळलेला, फक्त ३० लाखांना मिळत होता, मग मुंबईवाल्यांनी तो घेतला का नाही? डोळे मिटून बसले होते का?

प्रश्न रास्त आहे, पण तो ज्या पद्धतीने सोडवला जातो ती रास्त नाही. हुकलेल्या खेळाडूवरचे आपले बहुतेक वाद निकाल हातात घेऊन सुरू होतात. आयुष चमकला, म्हणून त्याला न घेणे ही चूक. पृथ्वी घसरला, म्हणून त्याला कधीकाळी घेणे हीही चूक. या हिशेबात जमा-खर्चाची एकच बाजू मांडली जाते. संघाची निवड तपासायची तर तीन गोष्टी विचारायला हव्यात. त्या दिवशी काय माहीत होते? कोणती जागा रिकामी होती, आणि तिची किंमत दुसऱ्या कोणाला सोडून मोजावी लागली? आणि घेतलेल्या खेळाडूचे संघाने पुढे काय केले? या तीन प्रश्नांतून गेल्यावर चाहत्याचा राग कमी होईलच असे नाही. पण तो योग्य माणसावर निघेल.

खेळाडू वाटून घेण्याच्या दोन पद्धती जगात रुळल्या आहेत. लिलावात सगळ्यांकडे सारखी थैली असते आणि बोली लावायची मुभा सगळ्यांना असते. ड्राफ्टमध्ये पैशाची बोली नसते, पाळी असते: आधी एकाने निवडायचे, मग दुसऱ्याने. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगने १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट घेतला. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी, म्हणजे दुबळ्याला उभे राहण्याची संधी, हे त्यामागचे तत्त्व. गंमत अशी की त्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडलेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. आपल्याकडे इंडियन सुपर लीगने २०१४ मध्ये भारतीय फुटबॉलपटू ड्राफ्टनेच वाटले. आयपीएल लिलावासाठी प्रसिद्ध असली तरी २००८ च्या पहिल्या हंगामात एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी तिनेही ड्राफ्टच ठेवला होता. मोबदला ठरलेला होता, फक्त निवड करायची होती. भारतीय क्रिकेटमधली सर्वांत गाजलेली 'हुकलेली निवड' त्याच ड्राफ्टमधली आहे.

विराट कोहली दिल्लीचा. नुकताच एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेला कर्णधार. दिल्लीला त्याला घेण्याची संधी होती, पण दिल्लीने त्याच संघातला डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला आणि विराट बंगळुरूकडे गेला. आज हे वाचताना कपाळावर हात जातो. पण तेव्हाचा दिल्लीचा संघ पाहा: सेहवाग, गंभीर, शिखर धवन, एबी डिव्हिलियर्स, तिलकरत्ने दिलशान. वरच्या फळीत पाय ठेवायला जागा नव्हती, गोलंदाज मात्र हवा होता. त्या हंगामात दिल्ली उपांत्य फेरीत गेली आणि बंगळुरू आठ संघांत सातवी राहिली. विराटने १३ सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी १५. म्हणजे २००८ च्या जूनमध्ये कोणी हा वाद उकरला असता तर दिल्लीची निवडच शहाणपणाची ठरली असती. निवड तीच, माहितीही तीच; पुढच्या वर्षांनी तिचा अर्थ फिरवला. आणि एवढा हिरा हाती लागूनही बंगळुरूला पहिले विजेतेपद मिळायला ३ जून २०२५ उजाडावा लागला. अठरावा हंगाम. नेमका माणूस निवडणे आणि जिंकणे यांत इतके अंतर असू शकते.

मुंबईकरांची जुनी सल याहून मोठी आहे. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत पहिला लिलाव झाला, तेव्हा महेंद्रसिंग धोनीसाठी शेवटपर्यंत चेन्नईशी झुंजणारा संघ मुंबईच होता. १५ लाख डॉलरला धोनी चेन्नईचा झाला. मुंबईने आणखी थोडा हात सैल का सोडला नाही? उत्तर नियमात आहे. प्रत्येक संघाकडे ५० लाख डॉलर होते. सचिन तेंडुलकर हा मुंबईचा 'आयकॉन' खेळाडू, आणि आयकॉनला संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे बंधन होते. धोनी १५ लाखांना घेतला असता तर सचिनला सव्वासतरा लाख द्यावे लागले असते. दोघांतच सव्वाबत्तीस लाख संपले असते आणि उरलेल्या पावणेअठरा लाखांत अख्खा संघ उभा करावा लागला असता. चेन्नईने आयकॉन ठेवलाच नव्हता, त्यामुळे तिच्यावर हा बोजा नव्हता. मुंबईने मग सनथ जयसूर्याला पावणेदहा लाखांना घेतले आणि त्या हिशेबाने सचिनचे ११ लाख २१ हजार २५० डॉलर ठरले. धोनी हुकला हे खरे. पण २०२५ च्या हंगामाअखेर दोन्ही संघांच्या कपाटात पाच-पाच करंडक आहेत, आणि चेन्नई-मुंबई अशा चार अंतिम सामन्यांपैकी तीन मुंबईने जिंकले आहेत. ज्याच्यावाचून अडेल असे वाटते त्याच्यावाचून संघाचे अडतेच असे नाही.

निकालावरून मागे जाऊन निवड तोलणे किती फसवे असते, हे २०१८ च्या लिलावाइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. त्या जानेवारीत एकोणीस वर्षांखालील भारतीय संघ न्यूझीलंडमध्ये विश्वचषक खेळत होता, आणि इकडे बंगळुरूत त्याच संघातल्या पोरांवर बोली लागत होती. एकाच संघातली, एकाच वयाची, एकाच स्पर्धेत सगळ्या जगाने पाहिलेली मुले. वेगवान गोलंदाज कमलेश नागरकोटी ३ कोटी २० लाखांना आणि शिवम मावी ३ कोटींना कोलकात्याकडे गेले. उपकर्णधार शुभमन गिलही १ कोटी ८० लाखांना कोलकात्याकडेच. कर्णधार पृथ्वी शॉ १ कोटी २० लाखांना दिल्लीकडे. अभिषेक शर्मा ५५ लाखांना, तोही दिल्लीकडे. बाजाराने लावलेला क्रम हा असा. आजचा क्रम जवळजवळ उलटा आहे. नागरकोटीचे पहिले दोन हंगाम दुखापतीत गेले. गिल २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला. सर्वांत स्वस्त सुटलेला अभिषेक ट्वेंटी-२० क्रमवारीत जगातला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज झाला, आणि त्याला तर दिल्लीने वर्षभरातच धवनच्या बदल्यात दोन खेळाडूंसोबत हैदराबादला देऊन टाकले होते. आठ संघांतली जाणती माणसे त्या दालनात बसली होती. यातले काहीच कोणालाही दिसले नाही, कारण दिसण्यासारखे ते तेव्हा घडलेच नव्हते.

यातली पृथ्वीची गोष्ट जरा थांबून पाहावी अशी आहे. विरारहून वांद्र्याला सरावाला जाणारा हा मुलगा २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेतल्या एका डावात ५४६ धावा करून देशभर माहीत झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्धच्या पहिल्या कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. २९ एप्रिल २०२१ ला अहमदाबादमध्ये दिल्लीची कोलकात्याशी गाठ पडली. कोलकात्याचे पहिले षटक टाकायला आला शिवम मावी, म्हणजे लिलावात पृथ्वीच्या अडीचपट भाव मिळालेला त्याचाच जुना सहकारी. पृथ्वीने त्या षटकातल्या सहाही चेंडूंवर चौकार मारले. अर्धशतक १८ चेंडूंत, एकूण ४१ चेंडूंत ८२. त्या रात्री कोणी विचारले असते की दिल्लीने गिलऐवजी पृथ्वी घेतला हे चुकले का, तर लोक हसले असते. त्या वर्षाअखेरीस दिल्लीने फक्त चार खेळाडू कायम ठेवले. त्यांत साडेसात कोटींना पृथ्वी होता, श्रेयस अय्यर नव्हता. मग घसरण लागली. २०२३ च्या हंगामात आठ सामन्यांत १०६ धावा, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळणे आणि महिनाभराने जेद्दाहला रिकामे हात. म्हणजे हीच एक निवड २०१८ मध्ये बरी, २०२१ मध्ये उत्तम आणि २०२४ मध्ये वाया गेलेली ठरते. जो हिशेब दर तीन वर्षांनी उत्तर बदलतो त्यावर विसंबून कोणाच्या अकलेचे माप काढता येत नाही. दिल्लीला दोष द्यायचाच तर २०२१ अखेरच्या निर्णयाबद्दल द्यावा. तेव्हा तिच्याकडे चार हंगामांची माहिती होती, २०१८ मध्ये काहीच नव्हती.

आता आयुषकडे परत वळू. त्या नोव्हेंबरात काय माहीत होते? रणजीतले काही डाव, आणि तेही चार दिवसांच्या क्रिकेटमधले. मुंबईकडून एकदिवसीय सामन्यात नागालँडविरुद्ध त्याने ११७ चेंडूंत १८१ केल्या त्या ३१ डिसेंबरला, लिलाव आटोपल्यानंतर. वरिष्ठ पातळीवर ट्वेंटी-२० चा एकही सामना तो तोवर खेळला नव्हता. दुसरा प्रश्न जागेचा. मुंबईने पाच खेळाडू आधीच राखले होते: बुमरा, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा. त्यांत १२० कोटींपैकी ७५ कोटी गेले. सलामीला रोहित होताच, जोडीला एक कोटीत रायन रिकल्टन घेतला आणि त्याने त्या हंगामात ३८८ धावा दिल्या. तिसरा प्रश्न: त्याच ३० लाखांत मुंबईने कोणाला आणले आणि पुढे त्यांचे काय केले? अश्वनी कुमार, ज्याने ३१ मार्च २०२५ ला वानखेडेवर पहिल्याच सामन्यात कोलकात्याचे २४ धावांत चार बळी घेतले. आणि विग्नेश पुथूर, ज्याने चेन्नईविरुद्ध पहिल्या सामन्यात तिघांना बाद केले. संघाला गरज गोलंदाजांची होती आणि मूळ किमतीत दोन गोलंदाज सापडले. 'आयुष हवा होता' म्हणणाऱ्याने त्यांतला कोण सोडायचा तेही सांगायला हवे. आणि आयुषच्या त्या ३२ धावांच्या सामन्यात मुंबई नऊ गडी राखून जिंकली होती, हेही लक्षात ठेवायला हवे.

हुकलेल्यांची आठवण ठेवताना आणखी एक लबाडी आपण नकळत करतो. जे न घेतल्याचे पुढे दुःख झाले तेच आठवतात. जे न घेतल्याने काहीच बिघडले नाही त्यांची यादी कोणी करत नाही. जेद्दाहच्या यादीत ५७७ खेळाडू होते, विकले गेले १८२. उरलेल्या जवळपास चारशे जणांना दहाही संघांनी नाकारले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत तो नकार बरोबरच ठरला. त्या तीनशे-साडेतीनशे बरोबर निर्णयांचे श्रेय आपण संघांना देत नाही, एका आयुषचा दोष मात्र पुरेपूर देतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा टोपली समोर असते. कल्ले उघडून पाहता येतात, मग बोली लागते. सतरा वर्षांच्या खेळाडूवरची बोली ही अजून जाळ्यात न आलेल्या मासळीवरची बोली असते. तिच्यात चुका होणारच, आणि चुकांचे प्रमाण किती हे पाहायचे तर टाकून दिलेले सगळे मोजावे लागतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. संघांनी कोट्यवधी रुपये मोजून प्रशिक्षक, निरीक्षक, आकडेतज्ज्ञ ठेवलेले असतात. ज्याला आधी कळते तोच तज्ज्ञ, नाहीतर नाक्यावरची पोरे काय वाईट? या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेत शोधले गेले आहे, कारण तिथे ड्राफ्टची अनेक दशकांची नोंद उपलब्ध आहे. केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर या दोघांनी एनएफएलच्या निवडी तपासल्या. एकाच जागेसाठी एकापाठोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंत आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना सुमारे ५२ टक्के आढळले. नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे. आधीच्या पाळीसाठी संघ मोजत असलेली किंमत तिच्या मोलापेक्षा फार जास्त असते, हाही त्यांचा निष्कर्ष. एनएफएलमधल्या टॉम ब्रेडीचे उदाहरण जगभर दिले जाते. २००० च्या ड्राफ्टमध्ये तो १९९ वा निवडला गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. बाकीच्या संघांना आंधळे म्हणण्याआधी हे पाहावे की ज्या न्यू इंग्लंडने त्याला घेतले त्यानेही आधीच्या फेऱ्यांत त्याला सोडून इतरांनाच घेतले होते. त्यालाही कळले नव्हते. त्याने एक स्वस्त पाळी वापरून पाहिली, इतकेच. तज्ज्ञपणा भविष्य ओळखण्यात नसतो. अशा स्वस्त पाळ्या किती जपता आणि महागड्या पाळीत किती वाहवत जाता, यात तो दिसतो. आणि 'आम्हाला आधीच माहीत होते' हे नाक्यावरचे वाक्यही तपासून पाहिलेले आहे. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवले की निकाल कळल्यावर तो आधीपासूनच उघड होता असे माणसाला खरोखर वाटू लागते. तो खोटे बोलत नसतो, त्याची समजूतच मागे सरकलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळे नशिबावर ढकलले तर मग जबाबदार कोण? संघमालकांनी वाटेल ते करावे आणि आम्ही 'तेव्हा काय माहीत होते' म्हणून गप्प बसावे? अजिबात नाही. उलट निकाल बाजूला ठेवला की खरी चूक जास्त ठळक दिसते. फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात मुंबईकडे ४८ कोटी शिल्लक होते. त्यांतले १५ कोटी २५ लाख एका ईशान किशनवर गेले. आठ कोटी जोफ्रा आर्चरवर गेले, आणि तो दुखापतीमुळे त्या हंगामात खेळणार नाही हे लिलावाच्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक होते. म्हणजे जवळजवळ अर्धी थैली दोन नावांवर, त्यांतले एक वर्षभर मैदानाबाहेर. मुंबई त्या हंगामातले पहिले आठही सामने हरली आणि दहावी, म्हणजे शेवटची आली. पुढच्या वर्षी आर्चर पाच सामने खेळला आणि दोन बळी घेतले. ही टीका निकालावर उभी नाही. ती लिलावाच्या रात्रीच करता आली असती, आणि मुंबई त्या वर्षी चौथी आली असती तरी ती खरी राहिली असती. मात्र त्याच लिलावात एक कोटी ७० लाखांत तिलक वर्मा आला, हेही प्रामाणिक टीकाकाराने मांडायला हवे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निकाल चांगला आला म्हणून निवड चांगली ठरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या लिलावात पंजाबने शशांक सिंगवर २० लाखांची बोली लावली आणि लगेच गोंधळ उडाला. हा खेळाडू आपल्याला हवाच नव्हता असा संघाच्या टेबलावरचा सूर होता, पण हातोडा पडला होता आणि लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर यांनी बोली परत घेऊ दिली नाही. एकाच नावाचे दोन खेळाडू यादीत असल्याने घोळ झाला, मिळाला तोच आम्हाला हवा होता, असा खुलासा पंजाबने नंतर केला. चार महिन्यांनी याच शशांकने गुजरातविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ६१ करून २०० धावांचा पाठलाग पूर्ण केला, हंगामात ३५४ धावा केल्या, आणि पुढच्या हंगामासाठी साडेपाच कोटींना त्याला कायम ठेवले गेले. फक्त निकाल पाहणाऱ्याच्या वहीत ही त्या लिलावातली सर्वांत हुशार खरेदी ठरेल. ती हुशारी होती असे म्हणायला पंजाबचा कट्टर चाहताही धजावणार नाही.

मग काही संघ पुन्हा पुन्हा जिंकतात ते कशामुळे? माझ्या मते निवडीच्या क्षणापेक्षा निवडीनंतरच्या वर्षांमुळे. जसप्रीत बुमराला मुंबईने २०१३ मध्ये आणले. त्याच्या पहिल्या सामन्यात ३२ धावांत तीन बळी, पहिला बळी विराट कोहली. पण पहिले तीन हंगाम मिळून त्याच्या खात्यात होते अवघे ११ बळी. निकालावर तापणाऱ्या चाहत्याने २०१५ अखेर त्याला सोडून द्या म्हटले असते. संघाने ठेवला, घडवला, आणि पुढचे सगळ्यांना माहीत आहे. हार्दिक पंड्या २०१५ मध्ये दहा लाखांना आला. सूर्यकुमारला मुंबईने सुरुवातीला एकच सामना खेळवून सोडले, तो कोलकात्याकडे गेला, आणि २०१८ मध्ये ३ कोटी २० लाख मोजून परत आणला. हुकलेला खेळाडू परत मिळवता येतो, चूक मान्य केली तर. फुटबॉलमध्येही हेच दिसते. २०१५ मध्ये मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतले, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. छेत्रीने इंडियन सुपर लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक करून आपले काम चोख केले. संघ तरीही आठात सहावा राहिला. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, प्रशिक्षण, शोध आणि संघबांधणी एका सूत्रात आली, आणि २०२०-२१ च्या हंगामात साखळीतले पहिले स्थान आणि करंडक दोन्ही मुंबईला मिळाले. एका नावाने जे झाले नाही ते व्यवस्थेने झाले.

आपल्या भागात एक आक्षेप भावनेतून येतो, आणि त्याची चेष्टा करू नये. विरारचा मुलगा पहाटेच्या लोकलमध्ये किट सांभाळत साठ किलोमीटरवरच्या चर्चगेटच्या मैदानांकडे जातो, मुंबईचे नाव लावून खेळतो. त्याला मुंबईच्या संघाने घ्यायला नको? पण रणजीची मुंबई आणि आयपीएलची मुंबई इंडियन्स या दोन वेगळ्या संस्था आहेत. पहिलीचे काम इथली मुले घडवणे, दुसरीचे काम पंचवीस जणांत सामना जिंकणारा संघ बसवणे. मुंबईच्या मैदानांतून जितके फलंदाज निघतात तितके कोणत्याही एका संघात मावणार नाहीत. यशस्वी जयस्वाल राजस्थानकडून, श्रेयस अय्यर पंजाबकडून, शिवम दुबे चेन्नईकडून खेळला, आणि त्यात मुंबई क्रिकेटचे काही गेले नाही. आयुषला मुंबईने घेतले असते तर रोहित आणि रिकल्टन यांच्यामागे बाकावर बसून त्याचा हंगाम गेला असता, ही शक्यता मोठी होती. चेन्नईत जागा रिकामी झाली म्हणून सात सामन्यांत २४० धावा झाल्या. विरारच्या पोराचे भले कशात झाले, हा प्रश्न विरारकराने आधी विचारावा.

उरला शेवटचा मुद्दा: हा सगळा करमणुकीचा मामला आहे, त्यात एवढा काटेकोरपणा कशाला? करमणूक जरूर आहे. वसई-विरारमध्ये टेनिस चेंडूच्या गावातल्या लीगमध्येही हल्ली पॉइंटवर लिलाव होतात आणि 'तो आमच्याकडे हवा होता' ही चर्चा सामन्यापेक्षा जास्त दिवस पुरते. पण या करमणुकीचे बिल भरतो खेळाडू. निवडणाऱ्यांची नावे कोणाला आठवत नाहीत. ज्याला निवडले त्याच्या नावावर दुसऱ्याचे मोठेपण कायमचे चिकटते. १९८४ मध्ये पोर्टलंडच्या बास्केटबॉल संघाने सॅम बोवीला घेतले आणि पुढच्याच पाळीला मायकेल जॉर्डन शिकागोकडे गेला. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर होता, उंच खेळाडूची गरज होती, म्हणून बोवी. आज बोवी ओळखला जातो तो जॉर्डन नसलेला माणूस म्हणून. सांगवानचे तेच झाले. पृथ्वीला चौदाव्या वर्षीच पुढचा सचिन म्हणून मोकळे झालेले आपणच होतो, आणि तो घसरल्यावर गिलशी तुलना करून त्याला हिणवणारेही आपणच. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला, रणजीत चंडीगडविरुद्ध द्विशतक केले, आणि त्या डिसेंबरात अबू धाबीच्या लिलावात पहिल्या पुकाऱ्यात कोणी घेतले नाही तरी शेवटच्या फेरीत दिल्लीनेच त्याला ७५ लाखांना परत घेतले. ज्या संघाने त्याला सर्वांत जवळून पाहिले त्यानेच पुन्हा बोली लावली, यातून त्याच्याबद्दलचा शेवटचा निकाल लावण्याची घाई आपण करू नये एवढे तरी घ्यावे.

म्हणून वाचकाला एक साधी विनंती. पुढच्या लिलावाच्या आदल्या रात्री आपल्या संघाच्या रिकाम्या जागा, उरलेली रक्कम आणि आपण घेतले असते ते पाच खेळाडू, त्यांच्यासाठी जास्तीत जास्त किती मोजले असते त्यासह, कागदावर लिहून ठेवा. खाली तारीख घाला आणि मित्राची सही घ्या. तीन हंगाम गेल्यावर तो कागद काढा आणि संघाच्या निवडीशेजारी ठेवा. तुमचे पाच सरस निघाले तर संघाला जाहीरपणे धारेवर धरा, तो तुमचा हक्क आहे. कागद लिहिलाच नसेल, तर 'मी तेव्हाच म्हणालो होतो' हे वाक्य पुराव्यात धरता येणार नाही.